पानाला स्वतःचा पत्ता हवा

पनवेलजवळच्या कोन गावातल्या जमिनीचा सातबारा नुसता बघायचा असेल, तर आता तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोकण विभाग निवडायचा, मग रायगड, पनवेल, कोन, सर्व्हे किंवा गट नंबर, मोबाइल नंबर आणि कॅप्चा. उतारा समोर येतो. ही मोठीच सोय आहे. पण तोच उतारा सांगलीतल्या भावाला दाखवायचा म्हटलं की गाडी अडते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ना कोनचं नाव असतं, ना गट नंबर. लिंक पाठवली तर भावाला पुन्हा विभागापासून सुरुवात करावी लागते. मग स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि बारीक अक्षरं ताणून वाचायची.

हे दुखणं जुनं आहे, ते फ्रेम्सच्या काळापासून चालत आलंय. नेटस्केप नॅव्हिगेटर २.० हा ब्राउझर १९९६ मध्ये बाजारात आला, तो फ्रेम्स घेऊन. पडद्याचे तुकडे पाडायचे: वर बोधचिन्ह, डावीकडे मेन्यू, उजवीकडे मजकूर, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे वेगळी फाइल. मजकूर बदलला तरी मेन्यू पुन्हा उतरवावा लागत नसे. डायल-अपच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर ही बचत खरोखर मोलाची होती.

किंमत मात्र वाचक मोजत होता. आत कितीही फिरलं तरी पट्टीत पत्ता पहिल्याच पानाचा. वसाहतीच्या फाटकाचा पत्ता हातात आहे, पण आत इमारतींना नंबरच नाहीत, अशी गत. बुकमार्क केला तर मुखपृष्ठ उघडायचं. छापायला घेतलं तर कधी नुसता मेन्यूच कागदावर यायचा. शोधयंत्रातून आलेला माणूस मेन्यू नसलेल्या एकट्या पानावर उतरायचा आणि तिथून पुढे जायला वाट नसायची. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९६ च्या डिसेंबरमध्येच फ्रेम्स टाळण्याचा सल्ला दिला होता.

मग पळवाटा निघाल्या. एकटं पडलेलं पान उघडताच स्वतःला तपासायचं आणि चौकटीबाहेर असलं तर चौकटीसकट पुन्हा उघडायचं. फ्रेम्स न दाखवणाऱ्या ब्राउझरसाठी ‘नोफ्रेम्स’ खुणेत वेगळा मजकूर ठेवायचा. अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी प्रत्येक फ्रेमला नाव द्यायचं. यातल्या शेवटच्या उपायाचं महत्त्व आजही कमी झालेलं नाही, कारण नकाशे आणि व्हिडिओ पानात बसवणारी आयफ्रेम अजून वापरात आहे. पडद्याचे तुकडे पाडणारी जुनी फ्रेमसेट मात्र २०१४ च्या एचटीएमएल५ मानकाने कालबाह्य ठरवली.

फ्रेमसेट गेली, खोड राहिली. आजची कित्येक सरकारी पोर्टलं फ्रेम्स न वापरताही सगळं काम एकाच पत्त्याखाली उरकतात. वास्तविक पान पुन्हा न उघडता पट्टीतला पत्ता बदलण्याची सोय ब्राउझरमध्ये कधीच आली आहे. तंत्र हाताशी असूनही लोकांनी रोज तीच वणवण करायची, हे पटण्यासारखं नाही.

कोनमध्येच स्वतंत्र पत्त्याची निकड दिसते. म्हाडाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये इथल्या २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी काढली. या कामगारांची कुटुंबं मुंबईपासून पार कोल्हापूर-सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली. सूचना वाचणारा बहुधा नातू असतो, आणि सही करायची असते आजीला, दुसऱ्याच गावात. अशा कुटुंबासाठी पात्रतेची यादी, कागदपत्रांचा तपशील, ताब्याची सूचना यांना प्रत्येकी वेगळा आणि न बदलणारा पत्ता असायला हवा. तो पाठवता यावा आणि छापलेल्या कागदाच्या तळाशीही उमटावा.

खासगी माहितीला कुलूप हवंच. सोडतीतल्या अर्जदाराचं बँक खातं कुणाला लिंकवर दिसता कामा नये. सातबारा मात्र कुणालाही बघता येणारी नोंद आहे. तिथे कॅप्चा राहू दे, मोबाइल नंबरही विचारू दे. फक्त ते भरल्यावर भावाला थेट कोनच्या त्याच गटाचा उतारा दिसावा, विभागांची यादी नव्हे. पोर्टलच्या पुढच्या निविदेत ही अट महसूल विभागाने आणि म्हाडाने घालावी.