खाज वारंवार येते? आधी साखर तपासा

पावसाळा आला की औषधाच्या दुकानात ‘खाजेची ट्यूब’ मागणारे वाढतात. कसली खाज, कुठे, किती दिवसांपासून, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. ट्यूब लावली की चार दिवस बरे वाटते आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा त्याच काउंटरवर उभा असतो. जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यात किंवा जिचा घरातही उच्चार होत नाही अशा जागी होणारी ही खाज अनेकदा कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे असते.

हे यीस्ट बाहेरून चाल करून आलेले नसते. कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ते मुक्कामाला असतेच. शेजारचे जिवाणू आणि प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरतात. म्हणून ‘संसर्ग कुठून झाला’ यापेक्षा ‘आताच का झाला’ हा प्रश्न महत्त्वाचा. (पाव सोडून मात्र काही होत नाही. पावातले यीस्ट वेगळे आणि तेही भट्टीत मेलेले.)

त्या प्रश्नाचे आपल्याकडचे एक मोठे उत्तर मधुमेह हे आहे. आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. बाईच्या अंगावरून वारंवार खाजरे, दह्यासारखे पांढरे जाणे, पुरुषाच्या शिश्नाची त्वचा पुन्हा पुन्हा सुजून चिरणे, ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते. लाजेपायी हे दुखणे अंगावर काढले जाते आणि साखर वाढत राहते.

मधुमेहाच्या उपचारातही एक मेख आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर त्या स्वस्त झाल्या. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगी. पण गुप्तांगाचा यीस्ट संसर्ग हा त्यांचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी एवढे एक वाक्य सांगायला हवे. नाहीतर रुग्ण गुपचूप गोळी बंद करतो.

प्रतिजैविकांचा कोर्स, गरोदरपण, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणे, रात्रीही न काढलेली कवळी, याही वाटा आहेत. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात यीस्ट शिरले, तर मात्र जिवावर बेतते. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात सापडलेले कॅन्डिडा ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही. पण त्या बातम्या वाचून जांघेतल्या खाजेने घाबरण्याचे कारण नाही.

घाबरायचे तर त्या ट्यूबला. तिच्यात बुरशीनाशकासोबत अनेकदा क्लोबेटासोलसारखे जोरकस स्टेरॉइड असते. ते खाज दाबते, तशी त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते. वरून बरे दिसते, खाली बुरशी पसरते. २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई झाली, तरी ती आजही सर्रास मिळतात. कायदा काउंटरपाशी थांबत असेल, तर तपासणी औषध प्रशासनाने करायची की गिऱ्हाइकाने?

तिशीपुढच्यांसाठी रक्तातील साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बोटाला एक टोचणी, दोन मिनिटांचे काम. तिसरी ट्यूब घेण्याआधी तेवढे करून घ्यावे.