पेशीतला उजेड आणि गुडघ्यावरचा चुंबक

गुडघ्याला चुंबकाचा पट्टा, पाठीला चुंबकांची गादी, रक्तदाबासाठी चुंबकाचे कडे आणि पिण्यासाठी रात्रभर चुंबकावर ठेवलेले पाणी. गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात, सोसायटीच्या हॉलमधल्या ‘मोफत आरोग्य शिबिरात’ आणि बरेचदा ओळखीच्याच माणसाच्या पिशवीतून ही विक्री वर्षानुवर्षे चालू आहे. पूर्वी सांगितले जाई की रक्तात लोह असते, म्हणून चुंबक रक्त खेचतो. हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यासारखे चुंबकाला चिकटत नाही; चिकटत असते तर एमआरआयच्या यंत्रात शिरलेला माणूस धड बाहेर आला नसता. ती बतावणी आता जुनी झाली. नवी बतावणी ‘क्वांटम’ची आहे. तिची अडचण अशी की ती एका खऱ्या प्रयोगाच्या अगदी जवळून जाते. त्यामुळे ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणाऱ्यालाही ती निरुत्तर करू शकते.

तेव्हा आधी तो प्रयोग पाहू. 2021 च्या जानेवारीत टोकियो विद्यापीठातल्या नोबोरू इकेया आणि जोनाथन वुडवर्ड यांनी तो प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या जिवंत पेशींवर त्यांनी निळा लेझर सोडला. अशा प्रकाशात पेशी स्वतःच मंद हिरवट चमकतात, कारण त्यांच्यात फ्लेविन नावाचे रेणू असतात. फ्लेविन हे ब-2 जीवनसत्त्वाच्या कुटुंबातले. ब-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ती याच जीवनसत्त्वामुळे. चमकणाऱ्या पेशीजवळ शास्त्रज्ञांनी दर काही सेकंदांनी चुंबकीय क्षेत्र नेले. त्याची ताकद फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाच्या आसपासची होती. प्रत्येक वेळी पेशीचा उजेड सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरला आणि क्षेत्र काढताच पुन्हा चढला. पेशीत बाहेरचे कोणतेही रसायन घातलेले नव्हते.

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण भौतिकशास्त्राचे साधे गणित सांगते की एवढेही व्हायला नको. शरीराच्या तापमानाला रेणूंची जी धडपड सतत चालू असते, तिची ऊर्जा अशा चुंबकाने एका इलेक्ट्रॉनला दिलेल्या ऊर्जेच्या हजारो पट असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तुलना केली तर लाखो पट. वादळात कोणी फुंकर मारावी तसा हा प्रकार. याच हिशेबाच्या जोरावर अनेक चांगल्या शास्त्रज्ञांनी ‘क्षीण चुंबकाचा जीवरसायनावर परिणाम होणे अशक्य’ असे ठामपणे सांगितले होते. हिशेब बरोबर होता, निष्कर्ष घाईचा.

हे कसे घडते, ते रेल्वेच्या सांध्यावरून समजेल. कल्याणला एक फाटा कर्जतकडे जातो, दुसरा कसाऱ्याकडे. शेकडो टनांची गाडी कुठल्या मार्गाला लागणार, हे रुळांचा सांधा कुठे वळला आहे त्यावर ठरते. सांधा वळवायला गाडीच्या मानाने नगण्य जोर पुरतो. अट एकच, गाडी यायच्या आत तो वळला पाहिजे. निळा प्रकाश शोषलेल्या फ्लेविनपैकी काही रेणू तो हिरवट उजेड म्हणून परत टाकतात, तर काही शेजारच्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतात. मग दोन्ही रेणूंवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. या दोन इलेक्ट्रॉनांची स्पिन, म्हणजे त्यांच्या अंगचे इवलेसे चुंबकत्व, एकमेकांना विरुद्ध असेल तर इलेक्ट्रॉन घरी परततो आणि फ्लेविन पुन्हा चमकायला मोकळा होतो. स्पिन एकाच बाजूला असेल तर परतीची वाट बंद, आणि रेणू काही काळ अडकून पडतो. जोडी जन्मते ती एकाच बाजूच्या स्थितीत, आणि मग दोन्ही स्थितींमध्ये हेलकावे खाऊ लागते. बाहेरचा चुंबक त्या हेलकाव्याला अडसर घालतो. अडकलेले रेणू वाढतात, चमकायला उरलेले कमी होतात, उजेड उतरतो. गाडी चुंबकाने ढकललेली नसते, तिची ऊर्जा निळ्या प्रकाशाची. चुंबकाने फक्त सांधा वळवला.

उजेडावर चुंबकाचा असर शोधण्याचा ध्यास तसा जुना. मायकेल फॅरेडे यांनी 1862 मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ज्योत धरून तिच्या प्रकाशाच्या रेषा न्याहाळल्या. त्यांना काही दिसले नाही. 1896 मध्ये हॉलंडमध्ये पीटर झेमान यांनी अधिक चांगले उपकरण घेऊन तोच प्रयत्न केला आणि रेषा रुंदावलेल्या दिसल्या. 1902 चे नोबेल त्यांना लोरेन्ट्झ यांच्याबरोबर मिळाले. विद्युतक्षेत्रानेही प्रकाशाच्या रेषा फुटतात, हे योहानेस श्टार्क यांनी 1913 मध्ये दाखवले.

आरोग्यासाठी खरा उपयोग झाला आहे तो या विद्युतक्षेत्राच्या परिणामाचा, पण तो प्रदर्शनात विकता येत नाही म्हणून फारसा कोणाला ठाऊक नाही. चेतापेशीच्या आवरणावर व्होल्टचा जेमतेम चौदावा भाग इतका दाब असतो. पण आवरण इतके पातळ की तिथले विद्युतक्षेत्र मीटरमागे एक कोटी व्होल्टच्या वर जाते. हवेत याहून कितीतरी कमी क्षेत्राला ठिणगी पडते. त्या आवरणात विशिष्ट रंगद्रव्याचे रेणू बसवले तर दाब बदलताच त्यांची चमक बदलते. प्राण्यांच्या हृदयावरून विजेची लाट कशी सरकते, कुठे अडखळते, हे संशोधक अशा उजेडातून कॅमेऱ्याने पाहतात. हृदयाची लय बिघडते कशी, याविषयीच्या ज्ञानात या चित्रणांचा वाटा मोठा आहे.

आता पुन्हा पट्ट्याकडे. टोकियोच्या प्रयोगात जे घडले ते घडायला निळा प्रकाश लागतो. प्रकाश नाही तर ती जोडी नाही, आणि जोडी नाही तर चुंबकाला वळवायला सांधाच नाही. निळा प्रकाश त्वचेत फार आत शिरत नाही. गुडघ्याच्या सांध्यात, कण्याच्या मणक्यांत, स्वादुपिंडात अंधार असतो. त्यातून छोट्या चुंबकाचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने ओसरते; पट्ट्यावरची चकती सांध्यापर्यंत पोचेतो तिचा जोर पुष्कळसा संपलेला असतो. प्रकाशाविना घडणाऱ्या काही जीवरासायनिक क्रियांवरही क्षीण चुंबकाचा परिणाम होत असेल, अशा कल्पना संशोधक मांडतात. त्या तपासण्याजोग्या आहेत. पण कल्पना मांडणे आणि दुखणे थांबणे यांच्यामध्ये रुग्ण उभा असतो.

रुग्णांवर तपासण्या झालेल्या आहेत. ब्रिटनमध्ये 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या 70 रुग्णांना चुंबकाचा पट्टा, क्षीण चुंबकाचा पट्टा, चुंबक नसलेला पट्टा आणि तांब्याचे कडे आलटून पालटून प्रत्येकी पाच आठवडे घालायला दिले. वेदना, सूज किंवा आजाराचा जोर यांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. अशा चाचण्यांत एक मेख असते. खरा चुंबक कोणता, हे घरची किल्ली जवळ नेली की रुग्णाला कळते, आणि कळले की बरे वाटू लागते. म्हणून क्षीण चुंबकाचा पट्टा मुद्दाम ठेवला होता. 

विज्ञानाच्या बाजूनेही एक पळवाट वापरली जाते, ती बंद केलेली बरी. ‘एमआरआयचा चुंबक हजारपट मोठा, त्याने कोणाचा गुडघा बरा होत नाही, मग पट्ट्याने कसा होईल?’ हा युक्तिवाद टाळ्या घेतो, पण तो पुरेसा नाही. जोड्यांवरचा परिणाम क्षेत्राच्या प्रमाणात वाढत जातोच असे नाही. अगदी क्षीण क्षेत्रात तो उलट दिशेनेही होऊ शकतो. दावा खोडायचा तर रुग्णांवरच्या चाचणीने खोडावा, टोमण्याने नव्हे.

आणि दावा करायचा तर किती कष्ट लागतात, हेही पाहावे. स्थलांतर करणारा युरोपातला रॉबिन पक्षी दिशा ओळखतो तो डोळ्यातल्या अशाच फ्लेविनवाल्या प्रथिनामुळे, असा कयास आहे. 2021 मध्ये ते प्रथिन परीक्षानळीत चुंबकाला प्रतिसाद देते असे दिसले; पक्ष्याच्या डोळ्यात तेच घडते याचा निर्णायक पुरावा अजून हवा आहे. फळमाश्यांनाही चुंबक जाणवतो, असे मोठ्या नियतकालिकांत छापून आले होते. 2023 मध्ये दुसऱ्या गटाने 97 हजारांवर माश्या तपासल्या. परिणाम सापडला नाही. आपल्याकडे कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली, कारण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने मोजमापे बिघडली असती. एका ट्रामच्या धास्तीने अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे नेणारे हे शास्त्र आहे. त्याच्या नावावर मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी एकाच गादीने बरी करणाऱ्याला किमान एक चाचणी दाखवा म्हणणे गैर नाही. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने मनाईच आहे. माहितीपत्रक हीदेखील जाहिरातच असते.

पट्ट्यातल्या चुंबकाचा शरीरावर निश्चित ठाऊक असलेला एक परिणाम मात्र आहे. पेसमेकरजवळ चुंबक आला की तो हृदयाची गरज न पाहता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर चुंबक असेपर्यंत त्याचा जीवरक्षक झटका थांबू शकतो. घरात असे कोणी असेल तर पट्टा, कडे, गादी आणि चुंबकाची झाकणे असलेली फोनची पाकिटेही छातीपासून निदान वीतभर लांब ठेवावीत.