शहरात जुनी सायकल घेताना

मराठवाड्यातील खेड्यांना हैदराबाद कधीच फारसे परके वाटले नाही. तेव्हाचे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि वरच्या कचेऱ्यांचे काम निघाले की वडीलधारी माणसे तिकडचीच गाडी धरीत. पुढे राज्याच्या सीमा बदलल्या. गाडीचा रस्ता तोच राहिला. आजही जालना, परभणी, नांदेडकडील मुलेमुली काचीगुड्याला किंवा सिकंदराबादला उतरतात, एखाद्या दुकानात, गोदामात वा इस्पितळात कामास लागतात, आणि महिना दीड महिना झाला की घरी फोनवर एक प्रश्न येतो : खोलीपासून कामाची जागा चार-पाच किलोमीटर आहे, रिक्षाला रोज पैसे मोडतात, बसचा भरवसा नाही, एक जुनी सायकल मिळते आहे, घेऊ का?

घरी ज्याला हा प्रश्न पुसला जातो त्याला बहुधा सायकल चालविता येते, पण पारखता येते असे नाही. गावात सायकल घेतली ती ओळखीच्या माणसाकडून. ती कोणी वापरली, कशी वापरली, कधी पडली, हे साऱ्या आळीला ठाऊक असते. शहरात विकणारा अनोळखी आणि सायकलही अनोळखी. त्यातून घेणारा शहरच्या रहदारीत नवखा, कधीकधी सायकलीवरही नवखा. पहिल्या पगारातून घरी पाठविण्याचे पैसे बाजूला काढून जे उरले, त्यातून ही खरेदी व्हावयाची असते. म्हणून उत्तर देताना केवळ 'घे' किंवा 'नको' म्हणून भागत नाही.

माझ्या मते घ्यावी. साधी सायकल ही जुनी घेण्यास जितकी योग्य वस्तू आहे, तितकी दुसरी क्वचितच असेल. इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला. आणि त्यानंतर साध्या सायकलीच्या ठेवणीत मूळचा असा बदल थोडाच झाला आहे. आपल्याकडे मुंबईस वरळीला 'हिंद' सायकलीचा कारखाना होता, १९५१ साली सोनीपतला 'ॲटलास' निघाली, १९५६ साली लुधियान्यास 'हिरो'. यांच्या काळ्या, उंच सायकली एकमेकींच्या इतक्या जवळच्या की एकीचा भाग पुष्कळदा दुसरीला बसतो. ॲटलासचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकलदिनी, बंद पडला. तरी जुनी ॲटलास अडून बसत नाही, कारण पदपथावर पेटी मांडून बसलेला मिस्त्रीसुद्धा तिला चालती करू शकतो. नव्या धर्तीच्या, जाड टायरांच्या, स्प्रिंगा आणि डिस्क ब्रेक लावलेल्या सायकलींविषयी तसे सांगता येत नाही. त्या दिसतात ऐटदार, पण त्यांतल्या स्वस्त सायकलींच्या स्प्रिंगा वजन तेवढे वाढवितात आणि बिघडल्या की सहसा दुरुस्त होत नाहीत.

मात्र काळी उंच सायकल सर्वांनाच सोयीची असे नाही. तिचे वजन सुमारे २० किलो, आणि हैदराबाद शहर दख्खनच्या खडकावर वसले आहे. मुसी नदीच्या अलीकडे-पलीकडे, काचीगुडा, कोठी, अफजलगंज या भागांत चढ बेताचा आहे. तिथे गिअर नसला तरी अडत नाही. बंजारा हिल्स, जुबिली हिल्सकडे ज्याचे काम असेल त्याला मात्र एप्रिल-मेच्या उन्हात त्या ओझ्यानिशी चढण चढणे जड जाईल. त्याने साध्या चिमट्याची, गिअर असलेली सायकल शोधावी. २०२० च्या टाळेबंदीत शहरातील पुष्कळ कुटुंबांनी हौसेने अशा सायकली घेतल्या, आणि हौस फिटल्यावर त्या इमारतींच्या तळमजल्यावर धूळ खात पडल्या. इमारतीचा राखणदार त्या कोणाच्या हे नेमके सांगतो. पहिल्या मालकाकडून, त्याच्याच दारात, त्याच्या घरच्यांसमक्ष घेतलेली सायकल ही सर्वांत निर्धोक खरेदी.

बाजाराची गोष्ट निराळी. पुराना पुलाच्या बाजूस जुम्मेरात बाजार भरतो. जुम्मेरात म्हणजे गुरुवार. तिथे कपड्यांपासून कुलपांपर्यंत सगळे जुने सामान मिळते. तिथला सारा माल वाईट असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सायकलीला मोटारीसारखी सरकारी नोंदणी नसते. तिची ओळख म्हणजे फ्रेमवर ठोकलेला एक नंबर, बहुधा सीटखालच्या नळीवर किंवा पायडलांच्या नळकांड्याच्या बुडाशी. तो नंबर कानशीने घासलेला, किंवा नेमका तिथेच ताजा रंग चोपडलेला दिसला, तर किमतीची चौकशीसुद्धा न करता पुढे चालावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वये, माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे जो तो घेतो तोही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. 'मला काय ठाऊक' हे उत्तर, नव्यासारखी सायकल रद्दीच्या भावात घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. आणि कायदा राहो बाजूला; ती सायकल कोणा दुसऱ्याच्या मुलाची कामावर जाण्याची सोय होती, एवढे आठवले तरी सातव्या आज्ञेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. म्हणून विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, किंमत आणि फ्रेमचा नंबर कागदावर लिहून सही घ्यावी. सही देण्यास जो कां-कूं करील, त्याची सायकल त्यालाच लखलाभ असो.

आता खुद्द सायकलीविषयी. नवखा माणूस प्रथम रंग पाहतो, मग घंटी वाजवितो, मग सीट दाबतो. या तिन्ही गोष्टी चार पैशांत बदलता येतात. न बदलता येणारी, म्हणजे बदलली तर जवळजवळ नवी सायकलच घ्यावी लागेल अशी गोष्ट म्हणजे फ्रेम, आणि तिच्या खालोखाल पुढचा चिमटा. साध्या सायकलीचा चिमटा बाजूने पाहिला असता खालच्या टोकाशी सौम्य बाकाने पुढे आलेला दिसतो. सायकल समोरून कुठे आदळली की तो मागे दबतो, आणि त्याच वेळी हँडलपासून पायडलांकडे उतरणाऱ्या नळीच्या वरच्या सांध्याजवळ, खालच्या अंगाला, रंगास बारीक सुरकुती किंवा चीर पडते. तिथे बोटाचे पोट फिरवावे. डोळ्यास न दिसलेली सुरकुती बोटास लागते. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. ती पुढे कुठे मोडेल हे सांगता येत नाही, आणि मागून बस येत असता मोडली तर मिस्त्रीचा काय उपयोग? 'वेल्डिंग करून देतो' असे विकणारा म्हणेल. नम्रपणे नकार द्यावा.

फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्याची युक्ती अगदी सोपी असून तिला एक सुतळी पुरते. मागच्या चाकाच्या डाव्या नटास सुतळी बांधावी, पुढे नेऊन हँडलखालच्या उभ्या नळीस वळसा घालावा आणि उजव्या नटाकडे ताणून आणावी. सीटखालची नळी आणि सुतळी यांतले अंतर दोन्ही बाजूंना सारखे भरले तर फ्रेम सरळ. एका बाजूस कमी, एका बाजूस जास्त भरले तर सायकल कधीतरी जबर पडलेली आहे. विकणाऱ्याला हे पाहून हसू येईल, येऊ द्यावे. मग सीट काढून नळीत डोकावावे. पावसात उघड्यावर राहिलेली सायकल बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेली असू शकते.

चाक उचलून फिरवावे आणि रिम ब्रेकच्या रबरांमधून डुलत जाते का ते पाहावे. थोडा आऊट असेल तर मिस्त्री तारा आवळून काढतो. पण रिमच चेपलेली असेल तर नवी घालावी लागेल. पायडलांची दांडी हाताने आडवी हलवावी. दोन्ही दांड्या मिळून एकदम हलल्या तर आतले छर्रे वा कप झिजलेले. एकच हलली तर तिची कॉटर सैल आहे. साखळी मोजावी : तिचे १२ पूर्ण जोड बरोबर १२ इंच भरले पाहिजेत, त्याहून एक अष्टमांश इंच जास्त भरले तर साखळी गेलेली समजावी, आणि तिच्याबरोबर बहुधा फ्रीव्हीलही. फ्रीव्हीलची हयगय करू नये. आतले कुत्रे झिजले की जोर लावताच पायडल रिकामे फिरते आणि मनुष्य भर चौकात पुढे हँडलवर आदळतो. टायरांच्या कडांना उन्हाने भेगा पडलेल्या असल्या तर टायरांची किंमत मनात आधीच धरून ठेवावी.

ब्रेकबाबत एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. जुन्या सायकलीची चकाकणारी लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून निसटते, आणि कोरड्या रस्त्यावर चटकन थांबणारी सायकल पावसात कितीतरी पुढे जाऊन थांबते. जून ते सप्टेंबर हे ध्यानात ठेवूनच वेग धरावा.

हे सारे पाहण्यास मुलाने एकटे जाऊ नये. खोलीजवळचा जो मिस्त्री पुढे पंक्चर काढणार आहे, त्यालाच थोडे पैसे देऊन बरोबर न्यावे. तो तिथल्या तिथे दुरुस्तीचा आकडा सांगतो. त्याच्याशी बोलावयास मराठी मुलास अडचण पडू नये. हैदराबादी दखनी बोलीत 'नक्को' हा शब्द पावलोपावली ऐकू येतो, तो आपल्याच 'नको'चा भाऊ, आणि घासाघीस करताना तोच सर्वांत उपयोगी पडतो. किंमत आणि ओव्हरऑयलचा खर्च मिळून नव्या साध्या सायकलीच्या दोन-तृतीयांशावर गेला तर मी नवीच घेण्याचा सल्ला देईन. गणित करताना पुष्कळजण कुलूप, मागचा लाल दिवा आणि पंप विसरतात. हे तिन्ही त्यातच धरावे.

सायकल अंगास बसणे हीही पारखच आहे. काळ्या सायकली बहुधा बावीस आणि चोवीस इंची फ्रेमच्या असतात. दांडा दोन्ही पायांत घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीस टेकल्या पाहिजेत. मुलींनी, आणि प्रौढपणी शिकणाऱ्या पुरुषांनीही, आडव्या दांड्याविना असलेली लेडीज सायकल घेण्यात संकोच बाळगू नये. तोल जाताच पाय चटकन खाली येतो, हा तिचा फार मोठा गुण आहे. ज्याला मुळीच येत नाही त्याने मिस्त्रीकडून दोन्ही पायडले काढून घ्यावीत (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून स्वतः खटपट करू नये), सीट खाली करावी आणि मोकळ्या मैदानात पायांनी ढकलत जावे. तोल हाती आला की पायडले परत लावावीत. मागून सीट धरून पळणाऱ्या मित्रापेक्षा ही रीत मला अधिक पसंत आहे. मित्र लवकर दमतो.

शहराच्या पश्चिमेस बाहेरच्या वळणरस्त्यालगत २३ किलोमीटरचा, वर सौरपट्ट्यांचे छप्पर असलेला सायकलमार्ग १ ऑक्टोबर २०२३ रोजी खुला झाला. तो चांगला आहे. पण काचीगुड्याच्या खोलीतून कोठीच्या दुकानात जाणाऱ्यास त्याचा काय लाभ? त्याला बस, रिक्षा आणि दुचाक्या यांच्यामधूनच वाट काढावयाची आहे. म्हणून कामाच्या दिवशी प्रथमच सायकल काढू नये. रविवारी सकाळी गनफाउंड्रीच्या संत योसेफ कॅथेड्रलमध्ये मिस्सा आटोपला की तीच वेळ साधावी. आबिड्सची पुष्कळ दुकाने त्या दिवशी बंद असतात, पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडला जातो आणि रस्ता एरवीपेक्षा मोकळा असतो. कामाच्या जागेपर्यंत एकदा सावकाश जाऊन यावे, गटारांची झाकणे आणि खड्डे कोठे आहेत ते पाहावे, उजवीकडे वळावयाचे चौक मोजावेत. जो चौक भीतिदायक वाटेल तिथे उतरून सायकल हातात धरून पलीकडे जाण्यात कमीपणा नाही. परतल्यावर फ्रेमचा नंबर आणि पावतीची नक्कल घरी पाठवून द्यावी. सायकल कधी चोरीस गेलीच, तर पोलीस प्रथम तोच नंबर विचारतील.