सीडी अडखळते तेव्हा



घरातल्या लहानसहान दुरुस्त्यांविषयी आम्ही या सदरात लिहीत असतो. या वेळी विषय सीडी प्लेअरचा आहे. मोबाइलच्या काळात सीडी कोण ऐकतो, असे तरुण मुले विचारतील. पण आपल्या लोह्याकडच्या घरांतून आणि विहारांतून सीडींची चळत अजून दिसते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून लोकांनी त्या पदराला खार लावून आणल्या. त्यांत बुद्धवंदना आहे, वामनदादा कर्डकांची आणि प्रल्हाद शिंद्यांची गाणी आहेत. ही गाणी दुसरीकडेही मिळतील. परंतु गावातल्या गायन पार्टीने जयंतीला गायिलेली आणि कुणीतरी सीडीवर उतरवून घेतलेली गाणी पुन्हा मिळणार नाहीत. गाणारे कितीतरी आज हयात नाहीत. म्हणून सीडी अडखळू लागली की ती फेकू नये आणि प्लेअर भंगारातही देऊ नये. आधी दोष कुठे आहे तो शोधावा.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. इथेही तेच करावे. अडखळणारी सीडी काढून दुसऱ्या दोन-तीन सीडी लावून पाहाव्यात. त्या नीट वाजल्या आणि पहिली दर वेळी त्याच ठिकाणी अडखळली, तर दोष सीडीत आहे. सगळ्याच अडखळत असतील तर दोष यंत्रात आहे. विकतच्या सीडी चालतात पण घरी भरलेल्या, खालून हिरवट-निळसर दिसणाऱ्या सीडी चालत नाहीत, असेही होते. या सीडींवरून प्रकाश कमी परततो, म्हणून भिंग मळले किंवा यंत्र थकले की आधी त्याच अडतात.

आता सीडीविषयी. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ साली बाजारात आणलेली ही तबकडी १२ सेंटिमीटर रुंदीची असते. गाणे आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेघेत सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात असते आणि लेसरचा किरण ते खालून वाचतो. लहानसहान चूक यंत्र स्वतःच भरून काढते. रेघेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा त्याला पचतो. त्याहून बराच मोठा झाला की गाणे उडी मारू शकते. म्हणूनच सीडी गोल गोल पुसू नये. मऊ, धुतलेले सुती कापड किंचित ओले करून मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ पुसावे. बोटांचे तेलकट डाग असतील तर साबणाचे कोमट पाणी वापरावे आणि सीडी वाळल्यावरच लावावी. छापील बाजू अधिक नाजूक असते, कारण चकाकणारा थर तिच्या अगदी लगत असतो. तिच्यावर बॉलपेनने नाव लिहू नये.

टूथपेस्ट चोळण्याचा उपाय अनेकजण सांगतात. ती वरचा थर घासते. जिची दुसरी प्रत नाही अशा सीडीवर हा प्रयोग करू नये.

यंत्राकडे वळू. प्लेअर सपाट, न हलणाऱ्या जागी आहे का ते पाहावे. मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर ठेवला तर हादऱ्यानेच गाणे तुटते. विहारात बऱ्याचदा तो बुद्धमूर्तीजवळच्या फळीवर असतो. तिथल्या मेणबत्ती-अगरबत्तीचा धूर भिंगावर बसतो. त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. प्लेअर जरा दूर ठेवावा आणि वापर नसताना झाकावा.

भिंग साफ करताना विजेची वायर आधी काढावी. वरून झाकण उघडणाऱ्या प्लेअरचे भिंग समोरच दिसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून ते अगदी हलक्या हाताने पुसावे आणि वाळू द्यावे. दाब देऊ नये, कारण भिंग बारीक स्प्रिंगसारख्या आधारावर तरंगते. चालू प्लेअरमध्ये डोकावू नये. हा किरण डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा. आमच्या भगिनींनी हे काम बिनधास्त करावे, मेकॅनिकची वाट पाहू नये.

साऱ्या सीडींची शेवटचीच गाणी अडत असतील तर भिंग सरकते ती पट्टी धूळ बसून जड झाली असावी. हे काम मात्र जाणकाराकडे द्यावे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. सीडी एकदा का वाजली, की तिची प्रत लगेच करावी. प्लेअरवर न चालणारी सीडी कधीकधी संगणकावर चालते, कारण संगणक तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहू शकतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी नातलगाच्या घरी ठेवावी. सोबत कागदावर गायकाचे नाव, गाव आणि साल लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे, ते आहेत तोवर. आपल्या आजा-पणज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही, म्हणून त्यांचा इतिहास गळ्यातून गळ्यात आला. तो आपल्या कपाटात धूळ खात संपू नये.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा प्रत्येकाने आपल्या घरची एक सीडी घेऊन यावी. जयभीम!