राउटरचं बारसं

नेटवर्कवाल्यांचं एक लाडकं वाक्य आहे: "आयडीचं काय घेऊन बसलात, राउटर आपोआप घेतो." या वाक्यापायी मी इतक्या रात्री जागलोय की आज भांडायचंच ठरवलंय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राउटर एकमेकांना रस्ते सांगतात. घरातल्या रस्त्यांसाठी ओएसपीएफ, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी बीजीपी. दोन्हीकडे राउटरची ओळख म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. दिसतो आयपी पत्त्यासारखा, पण ते असतं नाव. तुम्ही ठेवलं नाहीत तर बरेच राउटर स्वतःचं बारसं स्वतःच उरकतात: लूपबॅकवरचा सगळ्यात मोठा पत्ता उचलतात, तो नसेल तर चालू इंटरफेसवरचा.

तर झालं असं. इथल्या एका क्लायंटकडे दोन टोकांच्या दोन राउटरांवर मुद्दाम एकच लूपबॅक पत्ता दिला होता. त्यात चूक काही नाही. एनीकास्ट म्हणतात त्याला, डीएनएससाठी सर्रास करतात. कित्येक महिने काही झालं नाही, कारण चालू प्रोसेस एकदा घेतलेलं नाव सोडत नाही. मग एका शनिवारी रात्री दोन्ही राउटर रीस्टार्ट झाले. तो पत्ता आकड्याने सगळ्यात मोठा. दोघांनी एकच नाव घेतलं!

पुढे तमाशा. एकाने आपल्या जोडण्यांची माहिती पाठवली की दुसरा म्हणणार, हे तर माझं नाव आणि माहिती भलतीच. मग तो वरचा क्रमांक टाकून स्वतःची पाठवणार. पहिला पुन्हा त्याच्यावर चढ. बाकीचे बिचारे दर खेपेला नकाशा नव्याने मांडत बसतात. बीजीपीला बाहेरचे रस्ते ठाऊक असतात, पण वेशीपर्यंत पोचायचं कसं हे तो ओएसपीएफलाच विचारतो, त्यामुळे तेही रस्ते येऊ-जाऊ लागले. वर त्या दोघांमधलं आपसातलं बीजीपी सेशन उभंच राहिना, कारण घरातल्या घरात समोरून स्वतःचाच आयडी आला तर नाकारायचा, असा नियम आहे.

रिपोर्टात लिहिलं, "मानवी चूक". मानव म्हणजे पुण्यातला नाइट शिफ्टचा पोरगा, ज्याने हातात दिलेल्या कागदाप्रमाणे रीस्टार्ट केलं. आणि डिझाइनच्या रिव्ह्यूला बसलेले आम्ही पाच सीनियर? मलाही तो एका ओळीचा प्रश्न सुचला नव्हता. नाव ठेवायचा आळस आम्ही केला आणि नावं मात्र त्याला ठेवली.

यावर शहाणे लोक म्हणतात, हाताने टाकलेले आयडीही कॉपी-पेस्टमध्ये दुहेरी होतात. होतात की! पण ते कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असतात, शोधता येतात. आपोआप घेतलेला आयडी कुठेच लिहिलेला नसतो. तो रीस्टार्टची वाट बघत बसतो.

दुसरा मुद्दा, दोन्ही प्रोटोकॉलांत आयडी एकच हवा का? १९९३ च्या आरएफसी १४०३ मध्ये तसं बंधनच होतं: बाहेरचा रस्ता ओएसपीएफमध्ये कुठल्या वेशीच्या राउटरने आणला हे बीजीपीशी ताडून बघता यावं म्हणून. आज ते बंधन उरलेलं नाही. २०११ च्या आरएफसी ६२८६ नुसार बीजीपीचा आयडी आपल्या एएसमध्ये एकमेव आणि शून्य नसला की झालं. मान्य. पण पहाटे तीनला दोन टेबलं शेजारी ठेवून एकाच राउटरची दोन नावं जुळवून बघा, मग सांगा. शिवाय बाकी सगळं समान असेल तर बीजीपी लहान आयडीवाल्याचा रस्ता निवडतो. म्हणजे ट्रॅफिक कुठून जाणार हे कुणीतरी कधीतरी टाकलेल्या लूपबॅकने ठरवायचं?

आयपीव्ही६ साठीच्या ओएसपीएफमध्येही आयडी ३२ बिटांचाच आहे. राउटरवर आयपीव्ही४ पत्ताच नसेल तर उचलायला काही नसतं, आणि कित्येक राउटर हाताने आयडी दिल्याशिवाय प्रोसेस सुरूच करत नाहीत. लोक याला कटकट म्हणतात. मला ते फार आवडतं.

असो. रिपोर्ट बदला म्हणून मी मेल टाकली. शेवटी "राउटर आयडी निश्चित करणे" अशी एक ओळ वाढली. "मानवी चूक" मात्र तशीच राहिली.