बांबोळीचे जागरण

शिरगावच्या श्री लईराईचे धोंड वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री जागतात. त्याआधीचे दिवस सोवळ्यात, स्नान आणि मिताहार सांभाळून, हाती वेताची काठी घेऊन ते व्रतस्थ राहतात. पहाटे होमकुंडाचे निखारे तुडवून झाले की गळ्यातील मोगरीच्या माळा उतरवून ते आपापल्या घरी परततात, आणि त्या दिवशी घरात त्यांना कोणी हाक मारून उठवीत नाही. पेडण्यात रात्रभर दशावताराचा काला पाहणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहण्याची मुभा असते. जागरण म्हणजे काय हे आम्हां किनारपट्टीच्या लोकांना कोणी शिकवायला नको. जागरणाला उद्यापन असते, हेही आम्ही जाणतो.

२०२१ साली ही पंचमी १७ मे रोजी आली. राज्यात ९ मेपासून संचारबंदी होती आणि शिरगावात नेहमीसारखी जत्रा भरली नाही. त्याच आठवड्यात दुसरे एक जागरण बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात चालू होते. ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ कोविड रुग्ण दगावल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. प्राणवायूचा दाब रात्री उतरतो ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेली, मुख्यमंत्री वॉर्डात फिरले, आणि वृत्तपत्रांचे रकाने टाक्यांच्या व सिलिंडरांच्या हिशेबाने भरून गेले. तो हिशेब मागणे आवश्यकच होते. परंतु त्या चार तासांत रुग्णांच्या उशाशी कोण उभे होते, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. मोठ्या सरकारी इस्पितळात पहाटे तीन वाजता पहिल्याने जो धावतो तो विभागप्रमुख नसतो. तो निवासी डॉक्टर असतो, नाहीतर इंटर्न असतो. वयाने बावीस ते अठ्ठावीस आणि दर्जाने अजून विद्यार्थीच.

या विद्यार्थ्यांच्या झोपेविषयी आणि मनःस्थितीविषयी आज लिहावेसे वाटते, याचे कारण महामारी ओसरली तशी ती गोष्टही विस्मृतीत गेली.

थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये देशभरची महाविद्यालये बंद झाली आणि वैद्यकाचा अभ्यास पडद्यावर आला. शवविच्छेदन पडद्यावर, नाडीपरीक्षा पडद्यावर, आणि सत्तरी-सांग्याच्या खेड्यांत तर त्या पडद्यासाठीही टेकडीवर चढून नेटवर्क शोधायचे. त्या काळात निरनिराळ्या देशांत विद्यार्थ्यांच्या झोपेच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत एक विलक्षण गोष्ट वारंवार दिसली. घरी बसलेली मुले अंथरुणात पूर्वीपेक्षा अधिक वेळ घालवीत, पण त्यांची झोप अधिक वाईट झाली होती. झोप मोजण्यासाठी संशोधक १९८९ साली पिट्सबर्ग येथे तयार झालेली प्रश्नावली वापरतात. झोप लागायला किती वेळ लागतो, ती किती वेळा मोडते, दिवसा पेंग येते काय, अशा सात अंगांना मिळून शून्य ते एकवीस गुण. येथे गुण जितके अधिक तितकी झोप वाईट, आणि पाचाच्या वर गेले की ती बिघडली असे समजतात. अर्थात तासांची संख्या हे सात अंगांतील केवळ एक अंग आहे.

कारण उघड आहे. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. सकाळचे ऊन त्याला किल्ली देते. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसभर खोलीत बसून रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलच्या निळसर प्रकाशात डोळे घालणाऱ्याचे घड्याळ पुढे सरकत जाते. त्यात परीक्षा कधी होणार याचा पत्ता नाही, घरात म्हातारी माणसे, बाहेर रोग. चिंतेने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशीची चिंता वाढते. मन आणि झोप यांचे हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले की कोणते आधी बिघडले हे सांगणे वैद्यालाही कठीण जाते.

डिचोलीच्या मुलांवर आणखी एक ओझे असते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा या पट्ट्यातील कित्येक घरांचे ट्रक अंगणात गंजले. अशा घरातील मुलगी किंवा मुलगा डॉक्टर होणार म्हणजे घराची उद्याची आमदानी तोच. ‘मला झोप येत नाही’ असे तो घरी फोन करून सांगेल काय?

दुसऱ्या लाटेत घरी बसलेला हाच विद्यार्थीवर्ग उलट दिशेने ओढला गेला. ३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्नना कोविडच्या कामाला लावण्यास मोकळीक दिली, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांची दूरध्वनीवरून विचारपूस करण्याचे काम सांगितले. शंभर दिवस काम करील त्याला सरकारी भरतीत प्राधान्य, असे आश्वासनही होते. संकटात हात हवे होते. निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एप्रिलमधली परीक्षा सप्टेंबरात झाली, पुढची प्रवेशप्रक्रिया न्यायालयात अडकून जानेवारी २०२२ पर्यंत लांबली, आणि त्या साऱ्या काळात नवी तुकडी न आल्याने दोन तुकड्यांनी तीन तुकड्यांचे काम ओढले. अंगावर घाम निथळणारा तो पोशाख, पाण्याचा घोट घेण्याचीही सोय नाही, आणि सुटी झाल्यावर खोलीत येऊन त्याच पुढे ढकललेल्या परीक्षेची पुस्तके. त्यांच्यावर आम्ही काय उधळले? २२ मार्च २०२० ला थाळ्यांचा नाद, ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून फुले.

फुले उधळण्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ‘डॉक्टर व्हायचे म्हणजे झोप सोडावीच लागते’ या वाक्याला. ज्येष्ठ डॉक्टर ते अभिमानाने सांगतात, पालक ते कौतुकाने ऐकतात, आणि मंत्री त्याच्या आडोशाला रिक्त पदे भरण्याचे टाळतात. ऑस्ट्रेलियात १९९७ साली झालेल्या प्रयोगात असे दिसले की सलग सतरा तास जागा असलेला मनुष्य मद्याचा बऱ्यापैकी अंमल चढलेल्या माणसाइतकाच चुकतो. दारू पिऊन आलेल्या डॉक्टरास आपण क्षणभरही इस्पितळात उभे करणार नाही. तीस तास जागलेल्यास मात्र सुई टोचू देतो आणि वर त्याच्या सेवाभावाची वाखाणणी करतो.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांची एक मुलगी इस्पितळात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणारे प्रशिक्षणार्थी डॉक्टर अतिश्रमाने थकलेले होते, हे तिच्या वडिलांनी लावून धरले. वडील पत्रकार होते, म्हणूनच बहुधा ते ऐकले गेले. १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ पासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. यावर असे म्हटले जाते की पुढे मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा लांब पाळ्यांमुळे रुग्णांचे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. हे खरे आहे. मात्र त्या चाचण्यांतील दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच, हे सांगायचे राहून जाते. आणि रुग्ण मेला नाही एवढ्यावरून डॉक्टर धडधाकट आहे असा निष्कर्ष निघत नाही.

आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. निवासी डॉक्टरांकडून सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम घेऊ नये, असे केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवले. २०२३ च्या नियमावलीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ‘वाजवी तास’ असा शब्द वापरला. वाजवी म्हणजे किती हे ठरविणारा तोच विभागप्रमुख. २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तास, एक दिवस सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. त्या कृतिदलाच्या पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली होती आणि त्यांतील २७.८ टक्क्यांनी आपल्याला मनोविकार असल्याचे निदान झाल्याचे नोंदविले. याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतील एक डॉक्टर तरुणी सभाकक्षात विश्रांतीसाठी गेली असता तिचा बलात्कार करून खून झाला. कडी असलेली, पलंग असलेली एक खोली तिच्यासाठी नव्हती.

गोव्याचे प्रमाण लहान आहे आणि १८४२ साली स्थापन झालेले, आशियातील जुन्यांपैकी एक असे हे महाविद्यालय एकाच आवारात आहे. येथे करून दाखविणे कठीण नसावे. मानसोपचाराची संस्थादेखील बांबोळीतच आहे. अडचण एवढीच की तेथील डॉक्टर तेच शिक्षक, तेच परीक्षक. आपला उदास चेहरा घेऊन विद्यार्थी त्या दारातून आत जाईल ही अपेक्षा भाबडी आहे. त्याच्यासाठी महाविद्यालयाबाहेरचा, गुणपत्रिकेशी संबंध नसलेला सल्लागार हवा.

मे २०२५ मध्ये शिरगावला जत्रेच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. भाविकांचे बळी गेले आणि जखमींना म्हापशाच्या आझिलोत व बांबोळीला नेण्यात आले. पुन्हा तोच प्रहर आणि वॉर्डात पुन्हा तेच वय. पुढची अशी पहाट येईल तेव्हा तेथे उभा असलेला तरुण आदल्या दिवशी किती तास झोपला होता, हे आज शासनाच्या कोणत्याही कागदावर नाही. गोमेकॉच्या प्रत्येक विभागाने महिन्याचे ड्युटीपत्रक सर्वांना दिसेल असे दर्शनी भिंतीवर लावावे, आणि ड्युटी किती वाजता सुरू होते या रकान्याशेजारी ती किती वाजता प्रत्यक्षात संपली हाही रकाना ठेवावा.