फाशीचा हिशेब

"तुमच्या सिंगापूरसारखं पाहिजे बघ. पकडला, लटकवला, खर्च मिटला! आपण मात्र वर्षानुवर्षं पोसत बसतो." देशातल्या मित्रांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा हिशेबच मांडतो.

मी राहतो तोआ पायोहमध्ये. इथेच १९८१ साली दोन लहान मुलांचे खून झाले. अ‍ॅड्रियन लिम आणि त्याच्या दोन साथीदार बायकांना मे १९८३ मध्ये शिक्षा सुनावली, फाशी झाली नोव्हेंबर १९८८ मध्ये. मधली साडेपाच वर्षं त्या दोघींची अपिलं चालली, पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. तेव्हा ते 'लगेच' विसरा.

आता 'पोसणं'. कसाबची बिर्याणी आठवते? ती आपणच रचली होती, असं खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली सांगून टाकलं. कसाबवर कोट्यवधी खर्च झाले ते बंदोबस्तावर. जेवण त्यात चिमूटभर.

मुळात महाग असतो तो मृत्युदंडाचा खटला. कॅलिफोर्नियात १९७८ पासून त्यावर ४ अब्ज डॉलर गेल्याचा हिशेब २०११ साली एका न्यायाधीशाने आणि कायद्याच्या प्राध्यापिकेने मांडला. तोवर शिक्षा अमलात आली होती १३ जणांची!

"मग अपिलं कमी करा की!" हे उत्तर ठरलेलंच. तर मंडळी, नाशिकचा खटला बघा. गुन्हा २००३ चा. भटक्या जमातीतल्या सहाही जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा ठोठावली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. २००९ लाच दोर ओढला असता तर पुढचा खर्च वाचला असता, हे खरंच!

भरपाई प्रत्येकी ५ लाख. सुमारे १६ वर्षं तुरुंगात गेली. (इंजिनिअरची खोड, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही.) दिवसाला साधारण ८६ रुपये पडले.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपास झालाच नाही. सरकारने पैसा ओतायचा तो इथे: तपासावर, प्रयोगशाळांवर, गरीब आरोपीला पहिल्याच कोर्टात मिळणाऱ्या वकिलावर. त्या चौघांना शोधायला असा कितीसा खर्च आला असता?